डॉक्टर जॉन्सन: ग्रंथकार आणि मनुष्य

‘थोर पुरुष’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतून जो पुरुष आम्हांस भेटतो, तो बहुधा एकच असतो. त्याचें नांव कधीं कांहीं असतें, कधीं कांहीं. पण तो लहानपणीं गरीब असतो, दिव्याच्या अंधुक उजेडांत अभ्यास करतो, पहांटे उठतो, कधीं रागावत नाहीं, कशास भीत नाहीं, आणि शेवटीं शांत चित्तानें हा लोक सोडून जातो. असे पुरुष जगांत झालेच नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु असल्या चित्राचा एक परिणाम असा होतो कीं, ज्या मुलाला सकाळीं अंथरूण सोडवत नाहीं, ज्याला राग आवरत नाहीं, ज्याला परीक्षेचें आणि अंधाराचें भय वाटतें, तो आपल्या मनाशीं म्हणतो कीं, हा मार्ग आपला नव्हे; आणि वही मिटून ठेवतो. अशा मुलासाठीं, आणि त्याच्या आईबापांसाठींही, यंदा आम्हीं अठराव्या शतकांतील इंग्लिश ग्रंथकार डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन याचें चरित्र निवडलें आहे. हा गृहस्थ उशिरां उठत असे, लवकर रागावत असे, अधाशासारखा जेवत असे, आणि मरणाला तर जन्मभर भीत असे. तरी इंग्लिश वाङ्मयाच्या इतिहासांत त्याच्या तोडीचा मनुष्य शोधूं गेल्यास फार थोडे सांपडतील.

जॉन्सनचा जन्म इंग्लंडच्या मध्यभागांतील लिचफील्ड या गांवीं १७०९ सालच्या सप्टेंबर महिन्यांत झाला. बाप मायकेल हा पुस्तकविक्या होता. दुकानांत ज्ञान पुष्कळ, पण पेटींत पैसा थोडा, अशी त्या घरची स्थिति होती. मुलास लहानपणींच गंडमाळेचा रोग जडला. राजाच्या हस्तस्पर्शानें हा रोग बरा होतो अशी त्या काळीं लोकांची समजूत असल्यामुळें, १७१२ सालीं आईनें त्यास लंडनास नेऊन अ‍ॅन राणीच्या हाताचा स्पर्श करविला. त्याचा गुण कांहीं आला नाहीं. चेहऱ्यावर व मानेवर व्रण राहिले, एक डोळा जवळजवळ गेला, एक कान मंद झाला. पुढें मोठेपणीं त्याच्या अंगास एकाएकीं झटके येत, हात हलत, तोंडांतून विचित्र आवाज निघत. अलीकडच्या कित्येक वैद्यांच्या मतें हा टूरेट नांवाचा मज्जाविकार असावा. त्याला प्रथमच पाहणारे लोक हा कोणी वेडा आहे असें समजत, आणि मग तो बोलूं लागला म्हणजे थक्क होत.

१७२८ सालीं तो ऑक्सफर्डच्या पेंब्रोक कॉलेजांत दाखल झाला. त्याचें वाचन पाहून तेथील शिक्षक चकित झाले. पण पैसा पुरेना. बूट फाटून पायाचीं बोटें बाहेर दिसूं लागलीं. तें पाहून कोणा दयाळू माणसानें एका रात्रीं नव्या बुटांचा जोड गुपचूप त्याच्या दारापाशीं आणून ठेवला. सकाळीं जॉन्सननें तो संतापानें फेंकून दिला. यास कोणी गर्व म्हणेल. आम्हांस तर असें वाटतें कीं, देणाऱ्यास आपलें तोंड लपवितां आलें, पण घेणाऱ्यास आपले पाय लपवितां येणार नव्हते. तेव्हां त्या तरुणाचा राग समजण्यासारखा आहे. सुमारें तेरा महिन्यांनीं पदवी न घेतांच त्याला कॉलेज सोडावें लागलें.

याच गर्वानें दुसऱ्या एका प्रसंगीं मात्र त्याच्याकडून जें घडलें त्याचें शल्य त्याच्या मनांतून कधींच गेलें नाहीं. त्याचा बाप बाजाराच्या दिवशीं यूटॉक्झिटर या गांवीं पुस्तकांचें दुकान मांडीत असे. एकदां आजारी पडल्यामुळें त्यानें मुलास, माझ्याऐवजीं तूं जा, असें सांगितलें. बाजारांत उभें राहून पुस्तकें विकणें मुलास कमीपणाचें वाटलें; त्यानें नाहीं म्हटलें. १७३१ सालीं बाप वारला. पुढें कोशकार म्हणून, विद्वान् म्हणून जॉन्सनचें नांव सर्वत्र गाजलें. त्या नकारानंतर सुमारें पन्नास वर्षांनीं हा वृद्ध मनुष्य एके दिवशीं यूटॉक्झिटरच्या बाजारांत गेला, आणि जेथें बापाचें दुकान लागत असे त्या जागीं, भर पावसांत, डोकें उघडें टाकून, बराच वेळ उभा राहिला. आसपासच्या लोकांस त्याचा अर्थ काय कळणार? ही हकीकत त्यानें स्वतःच आपल्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षीं लिचफील्ड येथें एका तरुणास सांगितली, म्हणून ती आपणांस ठाऊक आहे.

आम्हां शिक्षकांस थोडें चमत्कारिक वाटेल, पण हा महापंडित शिक्षक म्हणून साफ फसला. १७३५ सालीं त्यानें आपणांहून वीस वर्षांनीं मोठ्या असलेल्या एलिझाबेथ पोर्टर नांवाच्या विधवेशीं लग्न केलें, आणि तिच्या पैशावर लिचफील्डजवळच्या एडिअल या खेड्यांत शाळा काढली. मुलें मिळालीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. आणि तीं गुरूच्या हावभावांची नक्कल करण्यांत अधिक प्रवीण निघालीं. त्यांपैकींच डेव्हिड गॅरिक हा पुढें इंग्लंडचा सर्वांत नामांकित नट झाला, एवढेंच त्या शाळेचें फळ! १७३७ सालीं गुरुशिष्य दोघेही नशीब काढण्यासाठीं लंडनास गेले.

तेथील पहिलीं वर्षें म्हणजे लेखणीवर पोट भरणाऱ्या मनुष्याची जी दुर्दशा सर्व देशांत होते तीच. ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकासाठीं तो वाटेल तें लिहून देई. पार्लमेंटांतील भाषणें छापण्यास तेव्हां बंदी होती. म्हणून कोणी आणलेल्या त्रोटक टिपणांवरून जॉन्सन आपल्या खोलींत बसून तीं भाषणें रचीत असे, आणि लोक तीं खरींच समजून वाचीत. तीं खरीं मानलीं जातात हें कळल्यावर त्यानें तें काम सोडलें; असत्याच्या प्रसारास आपला हात लागावा हें त्यास सहन झालें नाहीं. पोटाची भ्रांत असतांना चालतें काम सोडणें किती कठीण असतें, हें ज्यांनीं संसार केला आहे त्यांस सांगावयास नको.

आतां त्याच्या मुख्य कार्याकडे वळूं. १७४६ सालीं लंडनच्या पुस्तकविक्यांनीं त्याच्याशीं इंग्लिश भाषेच्या कोशाचा करार केला. मोबदला १,५७५ पौंड, आणि मुदत त्याच्याच बोलीनें तीन वर्षें. फ्रान्समध्यें अशाच कामास चाळीस पंडितांची अ‍ॅकॅडमी आणि चाळीस वर्षें लागलीं, याची आठवण कोणी दिली तेव्हां त्यानें थट्टेनें त्रैराशिक मांडून दाखविलें कीं, एका इंग्रजाची बरोबरी किती फ्रेंचांशीं होते तें पाहा! परंतु तीन वर्षांचीं जवळजवळ नऊ झालीं. गफ स्क्वेअर येथील घराच्या माडीवर सहा लेखनिक बसत. त्यांतले पांच स्कॉटलंडचे होते. आणि स्कॉच लोकांची थट्टा करण्यांत जॉन्सनचा हात धरणारा कोणी नव्हता! कामाची पद्धत अशी: जॉन्सन मोठमोठ्या ग्रंथकारांचीं पुस्तकें वाची, ज्या शब्दाचा उपयोग चांगला झाला असेल त्याखालीं शिसपेन्सिलीनें रेघ ओढी, आणि समासांत त्या शब्दाचें आद्याक्षर लिही. मग लेखनिक तें वाक्य कागदाच्या तुकड्यावर उतरून घेत. ज्या मित्रांनीं पुस्तकें उसनीं दिलीं होतीं, त्यांना तीं परत मिळालीं तेव्हां त्यांची काय दशा झाली असेल याची कल्पना करावी. अशा रीतीनें ४२,००० हून अधिक शब्द आणि सुमारें १,१४,००० अवतरणें जमलीं. शब्दाचा अर्थ कोशकारानें घरीं बसून ठरवावयाचा नसून, ज्यांनीं तो शब्द नीट वापरला त्यांच्या वाक्यांतून तो काढावयाचा, हें तत्त्व इंग्रजींत इतक्या मोठ्या प्रमाणावर त्यानेंच प्रथम अमलांत आणिलें.

ज्या मुलांनीं मोल्सवर्थ साहेबाचा मराठी कोश कधीं उघडून पाहिला असेल, त्यांना या श्रमांची थोडी कल्पना येईल. तो कोश १८३१ सालीं प्रथम निघाला, आणि त्यामागें अनेक शास्त्र्यांचे व कँडी बंधूंचे हात होते. जॉन्सननें लेखनिकांकडून केवळ नक्कल करून घेतली. अर्थ सारे एकट्यानें लिहिले. चुकाही अर्थातच झाल्या. घोड्याच्या पायाचा खुरालगतचा जो भाग, त्यास लावावयाच्या एका शब्दाचा अर्थ त्यानें गुडघा असा देऊन ठेविला होता. एका बाईनें त्याला विचारलें कीं, असें कसें झालें? एवढा मोठा पंडित आतां कांहींतरी सबळ कारण सांगेल अशी तिची अपेक्षा असावी. जॉन्सननें तत्काळ सांगितलें कीं, याला कारण अज्ञान, दुसरें कांहीं नाहीं. विद्यार्थ्यांनीं हें उत्तर लक्षांत ठेवावें, आणि शिक्षकांनींही.

कराराचा पैसा कोश पुरा होण्यापूर्वींच संपत आला. म्हणून १७५० पासून त्यानें ‘रँब्लर’ नांवाचें निबंधपत्र आठवड्यांतून दोनदां काढण्यास आरंभ केला. दोन वर्षांत २०८ अंक निघाले, आणि थोडे सोडल्यास सगळे त्यानें एकट्यानें लिहिले. कित्येकदां तर छापखान्याचा पोऱ्या दारांत उभा असतांना. हे अंक वाचून त्याची बायको म्हणाली कीं, तुमच्याविषयीं माझें मत आधींच चांगलें होतें, पण तुम्ही असें कांहीं लिहाल असें मला वाटलें नव्हतें. लेखकास याहून मोठी बिदागी कोणती? १७५२ सालच्या मार्चमध्यें ती वारली, आणि त्याच महिन्यांत ‘रँब्लर’ही बंद पडलें. तिची आंगठी त्यानें एका लहानशा डबींत मरेपर्यंत जपून ठेविली होती.

कोश प्रसिद्ध झाला तो १७५५ सालच्या एप्रिलमध्यें. त्याच्या थोडें आधीं लॉर्ड चेस्टरफील्ड या बड्या उमरावानें त्या कोशाची स्तुति करणारे दोन लेख छापले. सात-आठ वर्षांपूर्वीं जॉन्सननें कोशाची योजना त्याच्याच नांवें अर्पण केली होती. पण मधल्या सर्व काळांत या श्रीमंताच्या दिवाणखान्याबाहेर तिष्ठण्यापलीकडे जॉन्सनच्या पदरीं कांहीं पडलें नव्हतें. आतां ग्रंथ तयार झाला तेव्हां आश्रयदाता व्हावयास तो पुढें आला. फेब्रुवारी महिन्यांत जॉन्सननें त्यास जें पत्र लिहिलें, तें इंग्रजी गद्याचा एक उत्तम नमुना समजला जातो. त्यांत शिवी एकही नाहीं. आदर पुरेपूर आहे. आणि तरी तें वाचून झाल्यावर उमराव लहान दिसतो व दरिद्री लेखक मोठा. कोशाच्या प्रस्तावनेचा शेवट तर याहून गंभीर आहे. ज्यांना या ग्रंथानें आनंद व्हावा असें मला वाटत होतें, ते बहुतेक थडग्यांत गेले. तेव्हां स्तुति काय आणि निंदा काय, मला त्याचें कांहींच वाटत नाहीं, असा त्याचा आशय आहे. नऊ वर्षें राबून मिळविलेली कीर्ति हातांत आली, तेव्हां ती दाखवावी कोणाला? आणि कीर्तीनें पोटही भरलें नाहीं: दुसऱ्याच वर्षीं, १७५६ च्या मार्चमध्यें, ५ पौंड १८ शिलिंग कर्जापायीं या कोशकर्त्यास अटक झाली, आणि रिचर्डसन या कादंबरीकारानें पैसे पाठवून त्याची सुटका केली.

१७५९ च्या जानेवारींत त्याची आई लिचफील्डला वारली. वीस-एक वर्षांत तो तिला भेटला नव्हता. कां भेटला नाहीं, याचें समाधानकारक उत्तर त्याच्या कोणत्याही चरित्रकारास देतां आलेलें नाहीं, आणि आम्हीही तें झांकून ठेवीत नाहीं. तिच्या अंत्यविधीचा खर्च व तिचें थोडेंसें देणें भागविण्यासाठीं एका आठवड्याच्या संध्याकाळांत त्यानें एक गोष्ट लिहिली. तिचे त्यास १०० पौंड मिळाले. तीच ‘रासेलस’. सुखाच्या दरींत कोंडलेला हबसाणचा एक राजपुत्र खरें सुख कोठें आहे तें शोधावयास जगांत निघतो, विद्वान्, श्रीमंत, संन्यासी, सर्वांस भेटतो, आणि तें त्याला पुरतें कोठेंच सांपडत नाहीं. मराठी वाचकांस हें पुस्तक परकें नाहीं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं आरंभिलेलें त्याचें भाषांतर त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनीं पुरें केलें. पुढें ‘निबंधमाले’ंत विष्णुशास्त्र्यांनीं जॉन्सनवर विस्तृत लेखही लिहिला. ‘माले’ंत मिशनऱ्यांवर व आमच्या समाजावर त्यांनीं जे प्रहार केले ते आम्हां ख्रिस्ती वाचकांस आजही बोचतात. तरी आपल्या भाषेच्या गद्यास त्यांनीं जो पीळ दिला तो आम्ही नाकारूं शकत नाहीं. जॉन्सनला पंच्याहत्तर वर्षें मिळालीं. विष्णुशास्त्री १८८२ सालीं वयाच्या बत्तिसाव्या वर्षींच गेले.

१७६२ सालीं राजाकडून जॉन्सनला वर्षास ३०० पौंडांचें पेन्शन झालें. मौज अशी कीं, कोशांत पेन्शन या शब्दाची व्याख्या करतांना त्यानें सरकारी पेन्शनवाल्यांची चांगलीच हजेरी घेतली होती. शत्रूंनीं ती व्याख्या त्याच्या तोंडावर फेंकली, आणि ती त्यास मुकाट्यानें सोसावी लागली. पैशाची ददात मिटली, तसा आळस मात्र वाढला. शेक्सपिअरच्या नाटकांची आवृत्ति काढण्याचें त्यानें १७५६ सालीं जाहीर केलें होतें. वर्गणीदारांचे पैसे घेतले, आणि आवृत्ति निघाली १७६५ सालीं! त्याच्या खासगी टांचणवहींत, वाढदिवस आला कीं, ईस्टर आला कीं, तेच तेच संकल्प पुन्हां पुन्हां लिहिलेले आढळतात: लवकर उठावें, वेळ वायां घालवूं नये, पवित्र शास्त्र नेमानें वाचावें. मागील वर्षाचा संकल्प मोडला, याची नोंदही तेथेंच आहे. असें वर्षानुवर्षें चाललें. लवकर उठणें त्याला शेवटपर्यंत साधलें नाहीं. पण संकल्प करणेंही त्यानें शेवटपर्यंत सोडलें नाहीं. मोडलेला नेम पन्नासाव्या वेळीं पुन्हां धरण्यास जें धैर्य लागतें, त्याची किंमत आमच्या निबंधकारांस ठाऊक नसते.

आतांपर्यंत आम्हीं ग्रंथकार जॉन्सन सांगितला. ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला तो मनुष्य पुस्तकांत नसून घरांत आहे. त्याचें घर म्हणजे एक विलक्षण धर्मशाळाच होती. तेथें अ‍ॅना विल्यम्स ही अंध बाई राही. ती त्याच्या बायकोची स्नेहीण. डोळ्यांवरील शस्त्रक्रियेसाठीं त्याच्या घरीं आली, शस्त्रक्रिया निष्फळ झाली, आणि ती कायमची तेथेंच राहिली. जॉन्सन रात्रीं कितीही उशिरां घरीं येवो, ती चहासाठीं त्याची वाट पाहत बसे, आणि तोही तिच्याबरोबर चहा घेतल्याशिवाय निजत नसे. तेथें त्याच्या धर्मपित्याची निराधार मुलगी मिसेस डेमूलिन राही. तेथें फ्रॅन्सिस बार्बर हा तरुण राही. तो जमेका बेटांत गुलामगिरींत जन्मलेला होता. जॉन्सनच्या बायकोच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनीं लहान वयांत तो या घरीं आला, आणि नोकर म्हणून आलेल्या त्या मुलास जॉन्सननें स्वतःच्या खर्चानें शाळेंत पाठविलें. गुलामगिरीचा जॉन्सनला मनापासून तिटकारा होता. १७७७ सालीं एका गुलामाच्या सुटकेच्या खटल्यासाठीं त्यानें युक्तिवाद लिहून दिला होता.

हे आश्रित एकमेकांशीं प्रेमानें वागत असत असें मात्र कोणी समजूं नये. घरांत भांडणें अखंड चालत. या घरांत कोणाचेंच कोणावर प्रेम नाहीं, असें त्यानेंच एका पत्रांत विनोदानें लिहिलें आहे. घरचा कलह असह्य होऊन कित्येकदां तो बाहेर जाई. पण एकालाही त्यानें घराबाहेर काढलें नाहीं. परोपकार करावा आणि ज्यांच्यावर केला त्यांनीं कृतज्ञतेनें गोड बोलावें, असा सौदा पुष्कळांस आवडतो. कुरकुरणाऱ्यांस पोसणारे विरळा. हॉज नांवाचें त्याचें एक मांजर होतें. त्याच्यासाठीं कालवें आणावयास हा वृद्ध पंडित स्वतः बाजारांत जाई; कारण नोकरांस तें काम सांगितलें तर त्यांना त्रास पडेल आणि ते त्या मुक्या प्राण्याचा राग करूं लागतील. रात्रीं रस्त्यानें जातांना दुकानांच्या पायऱ्यांवर निजलेलीं अनाथ पोरें दिसलीं तर तो त्यांच्या मुठींत हळूच एकेक पेनी ठेवी, म्हणजे सकाळीं उठल्यावर त्यांना न्याहारी मिळेल. ऑक्सफर्डच्या दारापाशीं बूट कसे ठेवावयाचे नव्हते, हें ज्याला कळलें होतें, त्यालाच पेनी अशी ठेवतां येते.

या मंडळींत रॉबर्ट लेव्हेट नांवाचा एक मनुष्य होता. तो पॅरिसमध्यें एका उपाहारगृहांत वाढप्याचें काम करीत असतां, तेथें येणाऱ्या शस्त्रवैद्यांनीं त्याची जिज्ञासा पाहून वर्गणी करून त्याला थोडें वैद्यक शिकविलें होतें. त्याच्याजवळ पदवी नव्हती, रूप नव्हतें, बोलणें नव्हतें. रोज सकाळीं तो लंडनच्या गरीब वस्त्यांतून पायीं फिरे व जो जें देईल तें घेई. कोणीं पैसे दिले तर पैसे, कोणीं दारूचा पेला दिला तर पेला. अशा माणसास जॉन्सननें अनेक वर्षें आपल्या घरीं ठेवून घेतलें. सकाळची न्याहारी तो त्याच्याबरोबरच घेई. चित्रकार रेनॉल्ड्स, वक्ता बर्क, कवि गोल्डस्मिथ हे ज्याचे स्नेही, त्याला या अबोल मनुष्यांत काय दिसलें, असा लोकांस प्रश्न पडे. १७८२ सालच्या जानेवारींत लेव्हेट एकाएकीं वारला. तेव्हां त्याच्यावर जॉन्सननें जी कविता लिहिली, ती त्याच्या सर्व कवितांत आम्हांस अधिक प्रिय आहे. शुभवर्तमानांत धन्यानें दासांस वांटून दिलेल्या द्रव्याचा जो दृष्टांत आहे, तो त्या कवितेच्या मुळाशीं आहे. लेव्हेटला देणगी लहानशीच मिळाली होती. ती त्यानें रोज, न चुकतां, सगळीच्या सगळी कामास लाविली.

येथें जॉन्सनच्या मरणभयाचा उलगडा होतो असें आम्हांस वाटतें. त्याचें भय शरीराच्या यातनांचें नव्हतें. तो अंगानें व मनानें शूर होता. देणगी जितकी मोठी तितका हिशेब मोठा, हें त्याच्या मनांत पक्कें बसलें होतें. जग त्याच्या विद्वत्तेस नमस्कार करी, तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें वायां गेलेल्या सकाळी उभ्या राहत. त्याचा चरित्रकार बॉस्वेल, ज्याची व त्याची गांठ १७६३ सालच्या मेमध्यें एका पुस्तकाच्या दुकानांत पडली, त्यानें १७६९ सालीं एकदां मरणाचा विषय चिकाटीनें लावून धरला. तेव्हां जॉन्सन इतका अस्वस्थ झाला कीं, त्यानें त्याला जवळजवळ घालवून दिलें. १७७६ सालीं डेव्हिड ह्यूम हा नास्तिक तत्त्वज्ञ अगदीं शांतपणें मेला, हें बॉस्वेलनें त्यास सांगितलें. जॉन्सननें त्यावर विश्वास ठेविला नाहीं. ह्यूमची शांति सोंगाची होती, असें तो म्हणे. यांत जॉन्सनचें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. ह्यूमच्या शांतीस साक्षीदार पुष्कळ आहेत. वादांत प्रतिपक्षास चिरडून टाकण्याची जॉन्सनची संवयही आम्हांस आवडत नाहीं. आणि अमेरिकन वसाहतींविरुद्ध १७७५ सालीं त्यानें लिहिलेलें चोपडें त्यानें लिहिलें नसतें तर बरें झालें असतें. पण ज्या गोष्टीचें भय त्याला वाटे तिचें भय वाटत नाहीं असें त्यानें कधीं दाखविलें नाहीं.

१७८३ च्या जूनमध्यें एका रात्रीं त्यास अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेली. आपली बुद्धि शाबूद आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यानें अंथरुणांतच मनांतल्या मनांत लॅटिन पद्यांत एक प्रार्थना रचली. पद्यें फार चांगलीं उतरलीं नाहींत, हें त्याचें त्यालाच कळलें; आणि तें कळलें यावरूनच बुद्धि ठिकाणावर आहे अशी त्याची खात्री झाली! वाचा पुढें परत आली. पण सप्टेंबरांत अंध विल्यम्स बाई वारली. घर रितें होत चाललें. पुढल्या वर्षीं त्यास दमा आणि जलोदर यांनीं ग्रासलें.

१७८४ च्या डिसेंबरांत त्यानें डॉक्टर ब्रॉकल्सबी याला सरळ विचारलें कीं, मी बरा होईन काय? डॉक्टरनें आधीं विचारलें, सर्व सत्य ऐकण्याची तुमची तयारी आहे काय? तो होय म्हणाला. तेव्हां डॉक्टरनें सांगितलें कीं, चमत्काराशिवाय तुम्ही उठणार नाहीं. त्यावर जॉन्सननें औषध बंद केलें, आणि वेदना शमविणारी अफूही नाकारली. देवासमोर जावयाचें तें शुद्धीवर असतां जावें, असें त्याचें म्हणणें होतें. जन्मभर जो ज्या दाराला भ्याला, त्यानें त्या दारापाशीं आल्यावर डोळे उघडे ठेविले. त्याच दिवसांत त्यानें आपले पुष्कळसे खासगी कागद जाळून टाकिले. लिचफील्डच्या देवळांत आईबाप व भाऊ यांच्या थडग्यावर बसवावयाच्या शिळेसाठीं लेख लिहून पाठविला. आणि रेनॉल्ड्सजवळ तीन मागण्या केल्या: मीं घेतलेले ३० पौंड माफ करा, पवित्र शास्त्र वाचा, आणि रविवारीं चित्रें काढूं नका. १३ डिसेंबर रोजीं संध्याकाळीं तो वारला, आणि २० तारखेस वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्यें, गॅरिकच्या जवळच, त्याला पुरण्यांत आलें.

मृत्युपत्र उघडलें तेव्हां लंडनच्या कित्येक प्रतिष्ठितांस राग आला. फ्रॅन्सिस बार्बर यास वर्षास ७० पौंड मिळावे, आणि इतर देणग्या जाऊन जें उरेल तेंही बहुतेक त्यालाच मिळावें, असें त्यांत लिहिलें होतें. धन्याच्या इच्छेप्रमाणें बार्बर बायकामुलांसह लिचफील्डला राहावयास गेला. व्यवहारांत त्याला यश आलें नाहीं. पैसा हळूहळू संपला, आणि जॉन्सनच्या कांहीं आठवणीच्या वस्तूही त्यास विकाव्या लागल्या. शेवटच्या वर्षांत त्यानें बर्न्टवुड गांवीं मुलांसाठीं एक लहानशी शाळा चालविली. १८०१ सालीं तो वारला. जॉन्सनची फसलेली शाळा ज्या एडिअल खेड्यांत होती, तें बर्न्टवुडला लागूनच आहे.